तुकडा आधी, अख्खा नंतर

अणूच्या इतिहासात तारखांची एक मजेदार उलटापालट आहे. १८९७ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला, म्हणजे अणूतून सुटलेला एक तुकडा माणसाच्या हाती लागला. आणि अणू खरोखरच असतात, हे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी छापील शब्दांत कबूल केलं ते १९०९ साली. ओस्टवाल्ड कुणी ऐरेगैरे नव्हते. भौतिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, आणि त्याच वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे. तुकडा सापडून डझनभर वर्षं झाली तरी तो ज्याचा तुकडा, ती वस्तू आहे की नाही यावर चांगली जाणती माणसं भांडत होती.

शाळेच्या पुस्तकात हे भांडण नसतं. तिथे एका ओळीत चित्रं असतात. डाल्टनचा भरीव गोळा, मग थॉमसनचा इलेक्ट्रॉन पेरलेला गोळा, मग रदरफोर्डचं केंद्र, मग बोरच्या कक्षा. प्रत्येक जण आधीच्याची चूक दुरुस्त करतो आणि बाजूला होतो. परीक्षेला हे सोयीचं आहे, मीही तसंच पाठ केलं होतं. पुढे थोडं वाचत गेलो तेव्हा या गोष्टीतली मला सर्वांत जवळची वाटलेली माणसं त्या चित्रांच्या ओळीत कुठेच नव्हती. ती होती अणू न मानणारी माणसं.

सुरुवात सगळेच आपल्याकडचा कणाद आणि ग्रीसचा डेमॉक्रिटस यांच्यापासून करतात, तेव्हा तेही उरकून घेऊ. कणादाच्या परंपरेतल्या वैशेषिकांचा एक युक्तिवाद मला खरंच देखणा वाटतो. वस्तूचे तुकडे करत जाणं कधी संपतच नसेल, तर मेरू पर्वताचेही तुकडे अनंत आणि मोहरीचेही अनंत, मग पर्वत मोहरीपेक्षा मोठा कशामुळे? म्हणजे कुठेतरी थांबलंच पाहिजे. रोमन कवी ल्युक्रेशियसही जवळजवळ याच वाटेने गेला. आणि दोन्हीकडे उन्हाच्या तिरपेत नाचणारे धूलिकण आहेत. वैशेषिकांनी त्या कणाला त्रसरेणू म्हटलं आणि तो आणखी लहान अवयवांचा बनलेला आहे असं मानलं. ल्युक्रेशियस म्हणाला, हे कण असे भिरभिरतात ते न दिसणाऱ्या कणांचे धक्के बसतात म्हणून. (उन्हातली धूळ खरं तर हवेच्या झोतांमुळे हलते. पण कल्पना पुढे दोन हजार वर्षांनी कामाला येणार होती.) हे सगळं बुद्धीचं तेज आहे, यात शंका नाही. मात्र ‘आमच्याकडे अणुविज्ञान आधीच होतं’ असं कुणी म्हणालं की मी विषय बदलतो. अणूचं वजन किती, आकार केवढा, एका चिमटीत किती, असल्या प्रश्नांना तिथे जागाच नव्हती. आणि असे प्रश्न विचारता आले नाहीत तर अणू मानला काय, न मानला काय, काहीच बिघडत नाही.

तो प्रश्न विचारला मँचेस्टरच्या जॉन डाल्टन यांनी. हा क्वेकर पंथाचा शाळामास्तर. १७८७ पासून १८४४ साली मरेपर्यंत रोजच्या हवामानाच्या नोंदी ठेवणारा. हवेत वेगवेगळे वायू मिसळलेले असूनही जड वायू तळाशी का बसत नाही, वायू पाण्यात कमीजास्त का विरघळतात, असल्या हवापाण्याच्या कोड्यांतून तो अणूपर्यंत पोचला. त्याच्या डोक्यात आलेली गोष्ट साधी होती. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचं एक ठरावीक वजन असतं. तेवढ्याच कार्बनशी ऑक्सिजनचा संयोग दोन प्रकारे होतो, आणि दुसऱ्या प्रकारात ऑक्सिजन बरोबर दुप्पट लागतो. दीडपट नाही, पावणेदोनपट नाही. एक अणू किंवा दोन अणू, अर्धा अणू नसतोच. १८०३ च्या त्याच्या वहीत अणुभारांची पहिली यादी आहे.

यादी बरीचशी चुकलेली होती. पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, असं डाल्टनने धरलं. का, तर त्याला तेच सर्वांत साधं वाटलं. त्यामुळे ऑक्सिजनचं वजन हायड्रोजनच्या सोळापट निघायचं ते त्याच्या निम्म्याहूनही कमी निघालं. ही गाठ सोडवण्याची युक्ती १८११ मध्येच इटलीच्या आवोगाद्रो यांनी सांगितली होती. समान तापमान आणि दाब असताना सारख्या आकारमानाच्या कोणत्याही वायूत रेणूंची संख्या सारखीच असते, आणि हायड्रोजन, ऑक्सिजनसारख्या वायूंच्या रेणूत दोन-दोन अणू असतात. डाल्टनला हे पटेना. एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना दूर लोटणार, ते जोडीने कसे राहतील? मग पन्नास वर्षं गोंधळ. पाण्याचं सूत्र एका प्रयोगशाळेत एक आणि दुसरीत दुसरं. १८६१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक आम्लाची तेव्हा वापरात असलेली १९ सूत्रं छापली. एका आम्लाची एकोणीस! अशा वेळी पॅरिसच्या द्यूमासारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ आपल्या व्याख्यानांत म्हणून गेला होता की माझं चाललं तर मी अणू हा शब्दच शास्त्रातून पुसून टाकीन. मला त्याचा राग येत नाही. जो हिशेब जुळत नाही त्याच्यावर विश्वास कुणी ठेवावा?

१८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्लस्रूहेला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तीन दिवस चर्चा झाली, ठरलं काहीच नाही. पण निघता निघता कानित्सारो या इटालियन प्राध्यापकाची एक पुस्तिका वाटली गेली. त्याने आवोगाद्रोची युक्ती धुळीतून उचलून वजनांना नीट लावून दाखवली होती. लोथार मेयर यांनी ती घरी जाऊन वाचली आणि डोळ्यांवरचा पडदा गळून पडल्यासारखं वाटलं, असं पुढे लिहिलं. त्याच परिषदेला रशियाहून आलेला एक तरुणही बसला होता, मेंडेलीव्ह. वजनं एकदाची ताळ्यावर आल्यावर नऊ वर्षांत त्याची आवर्तसारणी आली. परिषदांमधून काही निष्पन्न होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो, जरी ते परिषदेपेक्षा पुस्तिकेचं यश असलं तरी.

आता वाटेल की वाद मिटला. तो इथेच खरा पेटला. रसायनशास्त्रज्ञांना अणू वापरायला हरकत नव्हती, पण वापरणं वेगळं आणि ‘तो आहे’ म्हणणं वेगळं. व्हिएन्नाचे एर्न्स्ट माख म्हणत, अणू ही हिशेबाची सोय आहे, अनुभवांची मांडणी नीटनेटकी करण्याचं साधन. कुणी अणूबद्दल बोलू लागलं की ‘तुम्ही पाहिलाय का एखादा?’ असं ते विचारत, असं सांगतात. ओस्टवाल्ड यांचं म्हणणं, ऊर्जा मोजता येते, तिच्यावर सगळं बसवता येतं, मग हे अदृश्य गोळे हवेतच कशाला?

या मंडळींना पुढच्या लोकांनी आडमुठे ठरवलं. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण त्यांच्या बाजूने पुरावा होता. तापलेल्या लोखंडाच्या वाफेचा प्रकाश रंगारंगांत फोडला, की त्या वर्णपटात हजारो रेषा दिसतात. एक साधा टणक गोळा हजारो रंगांचा प्रकाश कसा सोडेल? वायूंना तापवायला लागणारी उष्णता रेणूंच्या हिशेबाने जेवढी यायला हवी तेवढी येत नव्हती, आणि हे खुद्द मॅक्सवेलला, अणुवाद्यांच्या सेनापतीला, १८६० पासून खटकत होतं. थोडक्यात, १८९० च्या सुमाराचा अणू, तो टणक, न तुटणारा गोळा, खरंच अस्तित्वात नव्हता. माख आणि ओस्टवाल्ड ज्या वस्तूला नाही म्हणत होते ती नव्हतीच. असं असूनही अणू होते. दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर आणि चूक असण्याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा माहीत नाही.

लुडविग बोल्ट्झमन दुसऱ्या बाजूने लढत होते. उष्णता म्हणजे अगणित रेणूंची धावपळ, आणि विस्कळीतपणा वाढत जातो तो केवळ विस्कळीत असण्याचे मार्ग फार जास्त असतात म्हणून, हे त्यांनी गणिताने मांडलं. व्हिएन्नातल्या त्यांच्या थडग्यावर तेच समीकरण कोरलं आहे. ५ सप्टेंबर १९०६ ला, ट्रिएस्टजवळच्या दुइनो गावी सुट्टीवर असताना, त्यांनी आत्महत्या केली. अणू न मानणाऱ्यांनी त्यांचा जीव घेतला, अशी गोष्ट सांगितली जाते. मला ती फार गुळगुळीत वाटते. ते बरीच वर्षं मनाच्या आजाराने त्रस्त होते, आणि आजाराला कारणं अशी शास्त्रीय वादातून उचलून लावता येत नाहीत. चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या निबंधाने त्यांची बाजू जिंकणार होती तो त्याआधीच, १९०५ साली, छापून झाला होता.

त्या निबंधाचं मूळ १८२७ मधलं. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात अखंड थरथरताना दिसले. ते सजीव असतील म्हणावं, तर त्याने काचेची पूड टाकून पाहिली, दगडाची टाकून पाहिली, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सचा एक कपचा कुटून पाहिला. तीही थरथरली. जवळजवळ ऐंशी वर्षं ही थरथर कुणाला नीट उलगडली नाही. बर्नच्या पेटंट कचेरीतल्या आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये गणित मांडलं. पाण्याचे रेणू सगळ्या बाजूंनी धडका देतात, धडकांचा तोल क्षणोक्षणी किंचित ढळतो, आणि त्यावरून कण ठरावीक वेळात सरासरी किती सरकेल ते सांगता येतं. पोलिश शास्त्रज्ञ स्मोलुखोव्स्की स्वतंत्रपणे तिथेच पोचले. कण किती सरकला हे मोजलं की रेणूंची संख्या काढता येणार होती. न दिसणारी गोष्ट दिसणाऱ्या गोष्टीच्या चालीवरून मोजायची.

मोजलं ते पॅरिसच्या ज्याँ पेरँ यांनी. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. गँबोज नावाचा एक पिवळा डिंक असतो, जलरंगांत वापरतात तो. त्याचे पाण्यात गोल कण होतात. पेरँना सगळे कण एकाच आकाराचे हवे होते, म्हणून ते डिंकाचं पाणी यंत्रावर गरगर फिरवून कण निवडत बसले. एक किलो डिंकातून काही महिन्यांनी हवे तसे कण मिळाले ते काही दशांश ग्रॅम. मग ते पाण्याच्या उभ्या थरात सोडायचे, सूक्ष्मदर्शक वेगवेगळ्या उंचीवर रोखायचा आणि प्रत्येक उंचीवर किती कण आहेत ते मोजायचे. हवा जशी वर जावं तशी विरळ होते, तसेच हे कणही वर विरळ होत गेले. फक्त हवेला त्यासाठी काही किलोमीटर लागतात, इथे मिलिमीटरचा काही शतांश भाग पुरला. त्या विरळ होण्यावरून आवोगाद्रोची संख्या निघाली, म्हणजे पदार्थाच्या रेणुभाराइतक्या ग्रॅममध्ये किती रेणू असतात ती.

एका मोजणीने कुणी बधलं नसतं. पेरँनी सगळे मार्ग एकत्र आणले. आकाशाच्या निळ्या रंगावरून ती संख्या काढता येते. किरणोत्सारी पदार्थातून सुटणाऱ्या कणांवरून काढता येते. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावरून, वायूच्या चिकटपणावरून, कणांच्या थरथरीवरून. या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी प्रत्येक वेळी उत्तर सहा-सातावर तेवीस शून्यं, याच घरात. अणू हे नुसतं सोयीचं गृहीतक असतं, तर आकाशाचा निळेपणा आणि डिंकाचे कण यांनी एकमेकांशी संगनमत का करावं? ओस्टवाल्ड यांनी हत्यार खाली ठेवलं ते या सुमाराला. बराच काळ साशंक असलेले फ्रेंच गणितज्ञ प्वाँकारे यांनीही १९१२ मध्ये मान्य केलं की रसायनशास्त्रज्ञांचा अणू आता वास्तव झाला, कारण तो मोजता येतो. अणू पाहिला म्हणून कुणी मानला नाही. मोजदाद जुळली म्हणून मानला.

आणि त्याच दिवसांत मँचेस्टरला अणू आतून उघडला जात होता. अर्नेस्ट रदरफोर्ड यांचा सहकारी हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडन काळोख्या खोलीत डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसत आणि मग झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणारे बारीक चमकारे मोजत. किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे अल्फा कण धातूच्या वर्खावर सोडायचे आणि ते कुठे जातात ते पाहायचं. स्वतः रदरफोर्डना या मोजणीचा धीर नव्हता. ते दोन मिनिटांत शिव्या घालून उठत, गायगर मात्र रात्रभर मोजू शके. १९०९ मध्ये दिसलं की आठ हजारांत एखादा कण उलटा फिरून येतो. टिश्यू पेपरवर पंधरा इंची तोफगोळा झाडावा आणि तो परत येऊन आपल्यालाच लागावा, तसं ते होतं, असं रदरफोर्ड पुढे सांगत. याचा अर्थ लावायला त्यांना जवळपास दोन वर्षं लागली. अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान मधोमध एका इवल्याशा जागी एकवटलं आहे, हा निबंध १९११ साली आला. तेव्हा त्याची फारशी दखलही कुणी घेतली नाही.

दखल न घेण्याला कारण होतं. असा अणू टिकूच शकत नव्हता. फिरणारा विद्युतभार प्रकाश सोडतो, ऊर्जा गमावतो आणि केंद्रात कोसळतो. हिशेबाने यासाठी सेकंदाचा अब्जावा हिस्साही लागत नाही. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये हा प्रश्न सोडवला म्हणण्यापेक्षा दटावला. काही कक्षांत इलेक्ट्रॉन प्रकाश सोडत नाही, बस्स. का नाही, याला उत्तर नव्हतं. पण त्यातून हायड्रोजनच्या वर्णपटाचं ते सूत्र बाहेर आलं, जे बाल्मर नावाच्या बाझेलच्या शाळाशिक्षकाने १८८५ मध्ये नुसते आकडे जुळवून शोधलं होतं. इतकी उघड मनमानी आणि इतकं अचूक उत्तर! त्याच सुमारास हेन्री मोझली यांनी क्ष-किरणांवरून प्रत्येक मूलद्रव्याचा क्रमांक केंद्रावरच्या विद्युतभाराशी जोडून दिला. १० ऑगस्ट १९१५ ला गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून ते गेले. वय २७.

पुढची दहा-बारा वर्षं वाचताना माझी नेहमी दमछाक होते. १९२४ मध्ये द ब्रॉय्ली म्हणाले कणही लाटांसारखे वागतील. १९२५ मध्ये हायझेनबर्ग, १९२६ मध्ये श्रोडिंगर. सुबक कक्षा गेल्या आणि उरलं एक गणित. त्या गणितातला तरंग म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे माक्स बोर्न यांनी सांगितलं. पण निबंधाच्या मजकुरात त्यांनी शक्यता त्या तरंगाच्या प्रमाणात धरली आणि मुद्रितं तपासताना तळटीप घातली, की अधिक विचार केल्यावर ती वर्गाच्या प्रमाणात आहे. विसाव्या शतकातला एक मूलभूत नियम असा तळटिपेतून आला. त्याचं नोबेल मिळायला १९५४ साल उजाडावं लागलं. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे प्रयोगाने दाखवून १९३७ चं नोबेल ज्यांनी विभागून घेतलं त्यांत जॉर्ज थॉमसन होते. त्याला कण ठरवणाऱ्या जे. जे. थॉमसन यांचा मुलगा. घरात जेवताना यावर काय बोलणं होत असेल, असं माझ्या मनात येऊन गेलंच.

याच ठिकाणी माझी एक तक्रार नोंदवतो. ‘अणू म्हणजे ९९.९९ टक्के पोकळी’ हे वाक्य फार फिरतं. ते रदरफोर्डच्या चित्राला शोभतं, १९२६ नंतरच्या नाही. इलेक्ट्रॉनचा तरंग अणूची सगळी जागा व्यापून असतो. आपण टेबलातून आरपार जात नाही यात विजेच्या रेट्याचा वाटा आहे, आणि त्याहून मोठा वाटा पाउली यांनी १९२५ मध्ये सांगितलेल्या मनाईचा, की दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. घर रिकामं नाही, भाडेकरूंनी भरलेलं आहे आणि नव्याला आत घेत नाहीत.

न्यूट्रॉनवर मी फार थांबत नाही. रदरफोर्डनी १९२० मध्ये तो असावा असं म्हटलं होतं, चॅडविक यांनी १९३२ मध्ये तो दाखवला आणि एकाच मूलद्रव्याच्या अणूंची वजनं वेगवेगळी का असतात ते स्पष्ट झालं. पुढे सात वर्षांच्या आत त्याच न्यूट्रॉनने युरेनियम फोडून दाखवलं. तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

माख यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं १९५५ च्या ऑक्टोबरात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात एर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कन्वर बहादूर यांनी टंगस्टनच्या सुईच्या टोकावरचे अणू एकेक करून सुटे पाहिले. १९८१ मध्ये झ्युरिकला बिनिग आणि रोहरर यांनी अणूंच्या पृष्ठभागावरून टोक फिरवून नकाशा काढणारं यंत्र केलं, १९८९ मध्ये आयबीएमच्या डॉन आयग्लर यांनी ३५ झेनॉन अणू एकेक करून सरकवत कंपनीचं नाव लिहिलं. जाहिरात म्हणून बघितलं तर जरा स्वस्तातली, पण मला ती आवडते. पाहण्याची वेळ आली तेव्हा शंका घेणारं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून मग लोक अणूंशी खेळू लागले.

शंका मात्र एक पायरी आत सरकली होती. १९६४ मध्ये गेल-मान आणि झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की प्रोटॉन हाही तीन घटकांचा आहे. गेल-मान यांनी त्यांना क्वार्क म्हटलं, पण बराच काळ ते त्यांना गणिती सोय म्हणत राहिले, कारण सुटा क्वार्क कुठेच सापडत नव्हता. माख यांनी हे ऐकलं असतं तर खूश झाले असते. मग १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या लांबलचक प्रवेगकात इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळवले, आणि ते अपेक्षेपेक्षा मोठ्या कोनांत उसळले. आत काहीतरी टणक, बिंदूवत आहे. म्हणजे गायगर-मार्सडनचाच प्रयोग, अंधाऱ्या खोलीऐवजी तीन किलोमीटर लांबीच्या यंत्रावर. क्वार्क आता सगळे मानतात, सुटा मात्र आजही कुणी पाहिलेला नाही, आणि सिद्धान्त सांगतो की तो दिसणारही नाही. त्यांच्या स्वतःच्या वस्तुमानांची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का भरते. उरलेलं सगळं त्यांना बांधून ठेवणाऱ्या खळबळीची ऊर्जा आहे. सगळं ऊर्जेवर बसवता येतं म्हणणारे ओस्टवाल्ड इथे थोडे हसले असते, आणि मीही त्यांना तेवढं हसू दिलं असतं.

हायड्रोजन हा सगळ्यांत साधा अणू, एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. त्यातल्या प्रोटॉनची त्रिज्या ०.८८ फेमटोमीटरच्या आसपास धरलेली होती (फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग). २०१० मध्ये इलेक्ट्रॉनच्या जागी त्याचा जड भाऊ म्यूऑन बसवून मोजलं तर ती ०.८४ निघाली. चार टक्क्यांचा फरक, आणि दोन्हीकडच्या मोजणाऱ्यांना आपापल्या आकड्याची खात्री. नंतरची बरीच मोजमापं लहान आकड्याकडे झुकली. मग आधीच्या इतक्या काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांमध्ये तो मोठा का येत होता, हे अजून तपासलं जात आहे.